शिक्का येलदरीचा

रोटोरुआ, न्यूझीलंड
४ ऑगस्ट २०२४

ती. बाबा यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र चोवीस दिवसांनी मिळालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहायला बोटं जाड पडतात म्हणता, तेव्हा हा कागदी कारभार चालू ठेवणं आलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटलीत, आता तुम्हाला स्वतःची हवीत, असं आई म्हणत असेल.

बाबा, एक मोठी गोष्ट आहे. मी ज्या सायकलदुकानात दुरुस्तीचं काम करते, ते दरवर्षी डोंगरातून दोन दिवसांची सायकलफेरी काढतं. प्रत्येक कामगारानं घरचं एक माणूस आणायचं. इथलं जंगल तुम्ही बघाच! झाडांचे शेंडे बघायचे तर टोपी पडते. मधे ज्वालामुखीच्या तोंडात साचलेली तळी आहेत, एक निळं आणि त्याच्याच शेजारी एक हिरवं. काठावर जमिनीतून वाफ येते आणि गंधकाचा असा वास सुटतो, की आईनं पदर नाकाला लावला असता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात फेरी आहे. नावं मार्चअखेर द्यायची आहेत. मी तुमचं नाव सांगून टाकलंय. टपालाची थैली लावलेला तुमचा सायकलवरचा फोटो दुकानात टांगलाय. तिकीट-व्हिसाचं मी बघते, तुम्ही फक्त पासपोर्ट काढा.

आईला जयभीम. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
धम्मशीला

*

पालम, जि. परभणी
२ सप्टेंबर २०२४

चि. धम्मशीला हिस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मला न विचारता नाव दिलंस, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे. शाळेत नाटकातही असंच माझं नाव दिलं होतंस आणि मला राक्षस व्हावं लागलं होतं.

सराव सुरू केला आहे. मी तोंडाच्या गप्पा मारत नाही, तुला पुरावा देतो. इथून पुढचं प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा लांबच्या टपाल कार्यालयातून टाकीन. पाकिटावरचा शिक्का वाचत जा. माणूस खोटं बोलंल, शिक्का बोलत नाही, हे मी एकतीस वर्षं बघितलं आहे. हे पत्र गंगाखेडच्या पेटीत पडेल.

ज्वालामुखीचं कौतुक मला सांगू नकोस. आपल्या पायाखालची काळी मातीही त्याचीच आहे, फक्त ती वाफ सोडत नाही. तुझी आई म्हणती की ह्या वयात कशाला लेकराच्या नादाला लागायलेत. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. पासपोर्टचं बघू.

तब्येतीला जप आणि आठवण ठेव.

तुझा बाप,
सिताराम

*

रोटोरुआ
२० ऑक्टोबर २०२४

ती. बाबा यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

गंगाखेडचा शिक्का मिळाला, मग परभणीचा मिळाला. दोन्ही पाकिटं तुमच्या फोटोखाली लावली आहेत. सहासष्टाव्या वर्षी हा माणूस एवढा सायकल हाणतो, म्हणून दुकानातली पोरं मान डोलावतात. मला फार अभिमान वाटतो, पण आता रागही तितकाच यायला लागलाय.

दोन पत्रांत मिळून सहा पानं लिहिलीत. त्यांत सोयाबीनच्या शेंगा आल्या, पालमच्या बसस्थानकातला नवा पंखा आला, आत्याच्या म्हशीचं वेत आलं. पासपोर्टबद्दल एक ओळ नाही! मी विचारते ते वाचता तरी का? पत्र जायला तीन आठवडे, यायला तीन आठवडे, आणि आत असते म्हैस. येणार नसाल तर तसं लिहा, मी रडेन आणि कामाला लागेन. पण हे अधांतरी ठेवणं मला सहन होत नाही.

चिडून लिहिलंय, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
धम्मशीला

*

येलदरी, मुक्काम जिंतूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मशीला हिस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं रागाचं पत्र मिळालं. शिक्का नीट बघ, येलदरीचा आहे. काल जिंतूरला सरजाबाईआत्याकडे मुक्काम केला आणि आज इथं आलो. जिंतूरच्या पुढं डोंगर लागतात, साग उभा आहे, वळणं लय अवघड. मग एकदम धरणाचं पाणी दिसतं. तुझ्या दोन रंगांच्या तळ्यांइतकं नखरेल नाही, पण नजर पोचत नाही एवढं आहे. मासे धरणाऱ्यांच्या होड्या बघत बसलो आणि तुझी आठवण आली. बाकी काही लिहीत नाही. अजून काय पुरावा पाहिजे?

पासपोर्टला घाई कशाची आहे? पत्र लिहून घरी नेतो, तुझी आई पाकीट चिकटवते तसं चिकटवू दे, मग परत इथंच येऊन टाकतो.

खुशाली कळवत जा.

तुझा बाप,
सिताराम

*

रोटोरुआ
८ डिसेंबर २०२४

ती. बाबा यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

येलदरीचं पाकीट फोडलं आणि पत्राच्या घडीतून एसटीची तिकिटं पडली. पालम ते गंगाखेड, गंगाखेड ते परभणी, परभणी ते जिंतूर, जिंतूर ते येलदरी. सगळी ज्येष्ठ नागरिकाची अर्धी. शेवटचं तर ह्या पत्राच्याच तारखेचं आहे. म्हणजे पत्र लिहायला बसनं गेलात, घरी नेऊन चिकटवून घेतलंत आणि ते टाकायला पुन्हा बसनंच येलदरीला गेला असाल! तिकिटं कुणी घातली ते कळायला मला फार डोकं लागलं नाही. आईला चार ओळी लिहिणं जड जातं, पण पाकीट तीच चिकटवते, हे तुम्हीच मला कळवलंत.

शिक्के खरे आहेत बाबा. सायकल कुठं आहे? मी सगळ्यांना सांगत सुटले आणि तुम्ही खिडकीपाशी बसून डोंगर बघत होतात. मला हसू यायला हवं होतं. पण मी दुकानाच्या मागं जाऊन रडले. यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. मला फसवायची काय गरज होती?

लोभाचं आज लिहवत नाही.

धम्मशीला

*

पालम
३० डिसेंबर २०२४

चि. धम्मशीला हिस,
जयभीम.

तुझ्या आईशी मी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी ती म्हणाली की लेकराला खरं सांगायची हिंमत न्हाई अन् माझ्यावर कशाला फुगता. मग मलाच लाज वाटली.

तर ऐक. कान गेला तेव्हा त्याच्या आतलं तोल सांभाळणारंही गेलं. परभणीच्या डॉक्टरांनी मागच्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा बाजारात, भाजीवाल्यांच्या समोर पडलो, उचलायला पोरं धावली. तेव्हापासून सायकल भिंतीला टेकून आहे. मी रोज तिची साखळी पुसतो आणि हवा भरतो. बसत नाही.

तू माझा फोटो दुकानात टांगलास. त्या फोटोखाली मी काय लिहिणार होतो? आयुष्यात मला दुसरं काही जमलं नाही, धम्मशीला. सायकलवर थैली बांधून वेळेत पोचणं तेवढं जमलं, आणि तेच गेलं. ते तुला कळवायला हात उचलत नव्हता. माझं नाव काढून टाक. फोटोही उतरव.

तुझा बाप,
सिताराम

*

रोटोरुआ
१९ जानेवारी २०२५

ती. बाबा यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोटो उतरवणार नाही. नावही काढणार नाही. आता जरा मलाही हट्टीपणा करू द्या, तो तुमच्याकडूनच आलाय.

आमच्याकडे दोन माणसांची एक सायकल आहे. पुढचा हँडल धरतो, तोल सांभाळतो, मागून येणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकतो. मागच्यानं फक्त पायडल मारायचं आणि बघायचं. एक आंधळ्या बाई दरवर्षी तिच्यावरून फेरी करतात, आणि जंगलाची वाट रुंद आहे. चौथीपर्यंत मी कॅरियरवर, टपालाच्या थैलीवर बसून तुमच्या मागून शाळेत गेले. कुठं वळायचं, कुठं चढ आहे, मी कधी विचारलं नाही. तुमची पाठ तेवढी दिसायची. आता एकदा माझी पाठ बघा.

चिडले होते त्याबद्दल माफी मागत नाही, अजूनही थोडी चिडलेली आहे. सहा महिने असे गेले की काय सांगू! पण या.

तुमची, लोभाची हक्कदार,
धम्मशीला

*

परभणी
१८ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मशीला हिस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मागं बसायचं मला अजिबात पटलेलं नाही, हे आधी लिहून ठेवतो. एकतीस वर्षं मी पुढं बसलो आहे. तुझी आई तर हसून हसून बेजार झाली. ती म्हणती की बरंय, जरा दुसऱ्याच्या भरवशावर बसायला शिका.

ह्या पत्रावर परभणीचा शिक्का आहे. सोबत एसटीचं तिकीट आहे, पालम ते परभणी. ह्या वेळी मीच घातलं आहे. बसनं आलो, खिडकीपाशी बसून आलो. पासपोर्टच्या कामासाठी आलो होतो. फोटो काढला, बोटांचे ठसे दिले. तिथला माणूस काय विचारत होता ते ऐकू आलं नाही, तर सगळं कागदावर लिहून दिलं.

एक कळव. मागं बसणाऱ्याला घंटी असते का? नसली तर बसव. मला ऐकू येणार नाही, पण वाजवता येईल.

तुझा बाप,
सिताराम