बर्फाच्या कप्प्यातली बाटली

प्रिय दादा,

आणि वर फोन आपटलास! आता उचलतही नाहीस, म्हणून लिहितोय. तिथे बसून शहाणपणा शिकवायला तुझं काय जातं, असं मलाच विचारतोस? आई जाता जाता राहिली, हे जातं! साखर वाढून ती स्वयंपाकघरात कोसळली, तीन दिवस हॉस्पिटलात सलाइनवर होती आणि मला कळलं पाचव्या दिवशी, तेही वहिनीकडून. तू तिच्या इन्सुलिनची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवायचास, सकाळी तळहातात चोळून वितळवायचास आणि ते पाणी आईला टोचायचास. डॉक्टरांनी म्हणे बाटली पाहून कपाळाला हात लावला. मी तिथे असतो तर तुझंच डोकं धरून त्या कप्प्यात घातलं असतं.

बाटलीवर छापलेलं वाचवत नाही का रे तुला? तू दहावी पास. मी सहावीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला गडी, पण असं नुसतं गोठवलं की औषध मरतं हे मलाही माहितीये. तू माझ्या नोकरीला चिखल कालवणं म्हणतोस ना? कालवतोच. इथल्या प्रयोगशाळेत मी माती धुतो, गाळतो, वाळवतो आणि मैद्यासारखी करून मॅडमना तोलून देतो. मॅडम म्हणतात, औषधातलं प्रथिन म्हणजे नीट घडी घातलेला कपडा. गोठताना बर्फ त्याला चहूकडून रेटतो आणि घडी विस्कटली की औषध गेलं. आमच्या मातीला डोळ्यांना न दिसणारे पदर असतात. प्रथिन त्या पदरांना धरून बसतं, मग ते गोठवलं की मशीन हवा खेचून बर्फाची वाफ उडवून लावतं आणि बाटलीच्या तळाशी कोरडी वडी उरते. ती फ्रिजबाहेर किती महिने टिकते ते आम्ही पाहतोय. पाहतोय, कळलं? अजून काही ठरलेलं नाही.

तीन महिन्यांपूर्वी एका ट्रेमधल्या बाटल्यांत माती घालायची माझ्याकडून राहिली. कानाला फोन होता, दुसरं काय! मॅडम ओरडल्या नाहीत. शेजारी बसवून त्यांनी त्यातल्या एका बाटलीत पाणी घातलं, तर आत फाटलेल्या दुधासारखे तुकडे तरंगायला लागले. म्हणाल्या, बघ, तुझ्या गप्पांनी मारलं याला. सहा आठवड्यांचं काम मातीत गेलं, आणि तेही माती न घातल्यामुळे! मला दोन दिवस घास गिळवेना. तू मात्र घासभर विचारही केला नाहीस, असं वाटून मी आईचं कळलं त्या दिवशी फोनवर तोंडाला येईल ते बोललो. खुनी म्हणालो तुला.

काल वहिनीचा पुन्हा फोन आला. तू आईच्या खोलीत पाऊल टाकत नाहीस म्हणे. सुईला हातही लावत नाहीस. कंपाउंडर येतो तर आई दंड आखडून घेते, माझ्या मोठ्याला बोलवा म्हणते. मी तणतणतच विचारलं, पण त्या शहाण्याला बर्फाचा कप्पा सुचला कुठून? वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच सांगितलं होतं की."

सांगितलं होतं, दादा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. तू स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवत होतास आणि मी फुशारक्या मारत होतो, की आमच्याकडे औषधं दगडासारखी गोठवतात, मग वर्षानुवर्षं काही होत नाही त्यांना. मातीचं मुद्दाम गाळलं, नाहीतर तू तेव्हाच हसला असतास. घरी दिवसातून चार-चार तास वीज जाते, म्हणून तू धाकट्याचं ऐकलंस. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंस, तेही नेमकं हेच! आणि त्या ट्रेच्या घोटाळ्यानंतर मला खरं कळलं होतं. तीन महिने कळलेलं होतं. एक फोन करायचा होता, पण बढाई परत घ्यायची लाज वाटली. तू मात्र मी शिव्या घालत असतानाही माझं नाव घेतलं नाहीस. त्याचाच जास्त राग येतोय मला. का नाही घेतलंस? हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव, वरच्या शिव्यांसकट, आणि उद्याची सुई तूच टोच. नव्या बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव, आणि वीज गेल्यावर काय करायचं ते डॉक्टरांना विचार, मला नको. बाटल्यांसाठी नऊ हजार चारशे पाठवतोय.

तुझाच,
धाकटा