संदर्भ क्रमांक एक

अहो संशोधक,

तुझ्या पेपरची संदर्भयादी लावून झाली. जर्नलला हवी तशीच: आडनाव आधी, वर्ष शेवटी आणि लेखात जो संदर्भ आधी येतो त्याला आधीचा क्रमांक. बारा ठिकाणी पानांचे आकडे चुकले होते. हे काम म्हणजे निव्वळ हमाली, असं तू म्हणालास, म्हणून तर ते माझ्याकडे आलं.

पण पहिल्याच वाक्यात तू लिहिलंयस, 'हे शेवाळ खाऱ्या पाण्यातही वाढतं, हे आता सर्वांना माहीत आहे.' पुढे संदर्भ नाही. सर्वांना ते माहीत कसं झालं, याचा विचार करत मी चहा संपवला आणि माळ्यावरची बॅग काढली. हेच पहिल्यांदा दाखवणारा चौदा वर्षांपूर्वीचा माझा पेपर, माहेरच्या आडनावाने छापलेला, अजून शाबूत आहे.

तो आता क्रमांक एकवर आहे. बाकीचे बासष्ट एकेक घर खाली सरकले. तुझे गाईडसुद्धा दोनवर आले. मजकुरातले सगळे आकडे मी हाताने बदललेत. माझा काढायचा असेल, तर ते परत तूच बदल.

लेकीला चारला शाळेतून आण. आजच नाही, रोज. भाजी फ्रीजमध्ये आहे. मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत कामाला चालले आहे, दहा ते पाच. तिथल्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "इतकी वर्षं होतीस कुठे?"

म्हटलं, यादीत नव्हते. आता आहे.