तिच्या गाठीचे वाक्य

बाई, आपल्यावर माझा राग आहे आणि तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे. चौथीतल्या एका मुलाचा राग इतका टिकावा याचे आपल्याला हसू आले असते. मला येत नाही. आपण गेल्याचे कळले तेव्हा मी नोकरीत होतो आणि पुण्यातच होतो, तरी आलो नाही. आज मात्र हे सारे नीट मांडणे मला आवश्यक वाटते, कारण ज्या खेळावरून आपले बिनसले, त्याच खेळाने मला गेल्या रविवारी माझ्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये पंधरा मुलांसमोर उभे केले.

सदाशिव पेठेतली ती शाळा. मैदान म्हणावे असे काही नव्हते, नळासमोरची फरसबंद जागा तेवढी. शनिवारी शेवटच्या तासाला आपण रस्सीखेचेचा दोर बाहेर काढता. त्याला आपण स्वतः मारलेल्या गाठी आहेत, प्रत्येक मुलाची एक. आम्ही गोल करून आपापली गाठ धरतो आणि धावू लागतो. आपण पत्र्याच्या डब्यावर पट्टी वाजवत राहता. वाजणे थांबले की थांबायचे. नळासमोर जो आला असेल त्याने गोष्टीचे पुढचे वाक्य सांगायचे, एकच, आणि बाकीच्यांनी दोर न सोडता ते अंगाने करून दाखवायचे. नदी म्हटले की सगळ्यांनी नदी व्हायचे, हत्ती म्हटले की बत्तीस जणांचा मिळून एक हत्ती. आधीच्याने सांगितलेले वाक्य कोणी खोडायचे नाही. कोणाच्या हातून दोर सुटला तर त्याला बाद करायचे नाही, सगळ्यांनी मिळून एक वाक्य मागे जायचे. आणि जो मुलगा आला नसेल, त्याची गाठ शेजाऱ्याने दुसऱ्या हातात धरायची. ती नळासमोर आली, तर तो जे बोलला असता ते शेजाऱ्याने त्याच्या वतीने सांगायचे.

या शेवटच्या नियमाला माझी हरकत होती आणि आहे. माझ्या शेजारच्या मुलाला कावीळ झाली होती. तिसऱ्या शनिवारी त्याची गाठ नेमकी नळासमोर आली. मी म्हणालो, "तो नाहीये. पुढे चला." आपण पट्टी खाली ठेवली आणि तो काय म्हणाला असता असे विचारले. मला कसे माहीत असणार, असे मी उत्तर दिले. आजही ते मला तर्कशुद्धच वाटते. त्यावर आपण म्हणालात, "वर्षभर त्याच्या शेजारी बसलास ना? मग केलंस काय?" सगळा वर्ग हसला. मी दोर सोडला आणि पायरीवर जाऊन बसलो. आपण मला परत बोलावले नाही. माझ्यापायी सगळ्यांना एक वाक्य मागे जावे लागले, आणि मग दोन्ही मोकळ्या गाठी दुसऱ्यानेच धरून खेळ पुढे चालू झाला. मी पायरीवरून पाहत होतो. दुसरा माणूस काय बोलला असता हे कोणालाही सांगता येत नाही, बाई. नऊ वर्षांच्या मुलाकडे ते मागणे अन्यायाचे होते.

हे सगळे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी पत्नीला सांगितले होते, आपल्याविरुद्धची तक्रार म्हणून. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "गाठी किती अंतरावर होत्या हो?" माझ्या अपमानाविषयी एक शब्द नाही. पुढे तिने नोकरी केली, मुलाला वाढवले, तो परदेशी गेला, आम्ही विश्रांतवाडीत राहायला आलो. इमारतीतली मुले जिन्यात धुडगूस घालतात अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा तिने एका दुपारी आपल्या जुन्या सुती साड्यांची लांबच लांब वेणी घातली, तिला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या आणि रविवारी पाच वाजता ती वेणी घेऊन खाली उतरली. नळ नव्हता, म्हणून मीटरची पेटी ठरली. डबा आमच्या स्वयंपाकघरातला, आणि वाजवायचे काम मुलांनी पाळीपाळीने करायचे, कारण तिला स्वतःलाही एक गाठ हवी होती. सात वर्षे हे चालले. मी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसत असे आणि आवाज कमी ठेवण्याविषयी अधूनमधून सूचना करत असे.

तिच्या शेवटच्या महिन्यांत गोष्ट चालली होती वाट विसरलेल्या एका बसची. ती बस कधी मंडईत शिरायची, कधी नदीतून पोहत जायची, एकदा तर एका लग्नात जेवायला बसली होती. तिच्या शेवटच्या रविवारी बस एका टेकडीवर बंद दारासमोर येऊन थांबली आणि ड्रायव्हर खाली उतरला. डबा थांबला तेव्हा पेटीसमोर माझी पत्नी होती. तिने तोंड उघडले, तेवढ्यात पाण्याचा टँकर फाटकातून आत आला आणि मुलांना बाजूला व्हावे लागले. "राहू दे," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी सांगते." शुक्रवारी तिला रुग्णालयात नेले. ती परत आली नाही. त्याला आता आठ महिने होतील.

आता माझा दुसरा राग. गेले चार महिने रविवारी पाच वाजता त्याच पार्किंगमध्ये एक वर्ग भरतो. बाहेरून एक प्रशिक्षक येतात आणि फलक लावतात. त्यावर कथाकथन, संघभावना आणि नेतृत्व असे तीन शब्द तीन रंगांत आहेत. मुले प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीत बसतात. प्रत्येकाला चित्राचे एक कार्ड मिळते, तीस सेकंद मिळतात आणि घंटी होते. अडखळला तो बाद, त्याने खुर्ची मागे न्यायची. शेवटी जो उरेल तो आजचा सर्वोत्कृष्ट कथाकार. त्याचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर येतो. एकेकट्याने, बसल्या जागी, शेजाऱ्याला मागे टाकून संघभावना वाढते हे ज्ञान मला निवृत्तीनंतर झाले. मी कारखान्यात तेहतीस वर्षे तयार मालाची तपासणी केली, सदोष नग बाजूला काढणे हेच माझे काम होते. परंतु मुलांच्या बाबतीत ही पद्धत कोणी वापरेल असे मला वाटले नव्हते.

तळमजल्यावर एक कुटुंब राहते. कॅम्पात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे, आजोबांपासूनचे. त्यांची नऊ वर्षांची मुलगी बोलायला वेळ घेते. शब्द तिच्या ओठांपर्यंत येतो आणि तिथेच थांबून राहतो. दोराच्या खेळात तिची पाळी आली की बाकीचे चौदा जण आधीच्या वाक्यातले बगळे होऊन एका पायावर उभे असत आणि ओरडत, "अगं, घाई नाही, पण पाय अवघडलाय आमचा." ती हसायची आणि वाक्य सुटायचे. या वर्गात ती दर वेळी पहिल्यांदा बाद होते. तिची आई मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काका, हल्ली रविवार आला की हिचं पोट दुखतं."

त्या एका वाक्याने मी पेटून उठलो. दोन पानांचा आक्षेप लिहिला, अकरा मुद्दे, आणि सोसायटीच्या सभेत उभे राहून वाचला. वर्गाने मुलांचा चांगला खेळ हिरावून घेतला, हा त्यातला पहिला मुद्दा. अध्यक्ष म्हणाले की हल्ली पालकांना प्रोफेशनल काहीतरी हवे असते. मी त्यांना प्रोफेशनल या शब्दाचा अर्थ विचारला. थोडी खसखस पिकली. मग आमची सेक्रेटरी बोलली. आयटीत काम करणारी तरुण बाई आहे, माझ्याशी नेहमी अदबीने बोलते. त्या दिवशीही अदबीनेच बोलली. "काका, सॉरी, पण वर्ग नंतर आला. आधी खेळ बंद पडला होता. दोर तुमच्याकडे आहे ना?"

मी खाली बसलो. बाकीचे दहा मुद्दे वाचले नाहीत.

दोर माझ्याकडे होता. तेराव्यानंतरच्या रविवारी दारावर बेल वाजली. दारात सहासात मुले उभी होती. त्यांनी दोर मागितला आणि सांगितले, "आजोबा, तुम्हीपण या. आजींचं वाक्य राहिलंय. शेजारी तुम्ही, म्हणजे तुम्हीच सांगायचं." मी म्हणालो की ती वस्तू तिची आहे, खेळण्याची नाही, आणि दार लावून घेतले. पुढचे दोन रविवार मुले आली. नंतर आली नाहीत. साड्यांची ती वेणी मी कपाटात तिच्या कप्प्यात ठेवून किल्ली फिरवली, आणि नंतर चार महिने गॅलरीत बसून त्या प्रशिक्षकावर संतापत राहिलो. आपला नियम मुलांना तोंडपाठ होता, बाई, शब्दन् शब्द. तो त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा मीच होतो, तक्रार करता करता.

गेल्या रविवारी साडेतीन वाजता, म्हणजे वर्ग सुरू होण्यापूर्वी, मी दोर घेऊन खाली उतरलो. ऊन होते. दोर पाहून मुले जमली. कोण कुठे उभे राहणार ते ठरलेलेच होते; फक्त तिच्या गाठीपाशी जागा होती आणि तिच्या शेजारची गाठ मला देण्यात आली. एक गाठ उजव्या हातात, एक डाव्या. माझ्या वयाला शोभेल इतपत मी धावलो. डबा वाजवणारा मुलगा माझ्याकडे पाहत होता आणि त्याने काय केले ते मला कळले, पण सिद्ध करता येणार नाही. तिची गाठ बरोबर पेटीसमोर थांबली.

"ड्रायव्हर उतरलाय," एकाने आठवण करून दिली. "टेकडीवर. दार बंद आहे."

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ड्रायव्हरने दार वाजवून पत्ता विचारला, बसला आपला मार्ग सापडला आणि ती सुखरूप आगारात जाऊन थांबली."

कोणी हलले नाही. आगार करून दाखवायला कोणी तयार नव्हते. मग एक मुलगी म्हणाली, "आजोबा, संपवलीत?" दुसरा म्हणाला, "दॅट्स चीटिंग. आजी कधीच तिला मार्ग सापडू द्यायच्या नाहीत. सापडत आला की लगेच चुकवायच्या." मी म्हणालो की वाक्य खोडायचे नाही असा नियम आहे. ते खरेच होते. अत्यंत दुर्मुखल्या चेहऱ्याने पंधरा मुले आगारात थांबलेली बस झाली. मी डबा वाजवण्याची खूण केली आणि आम्ही पुन्हा धावलो. या वेळी पेटीसमोर घड्याळवाल्यांची मुलगी आली.

तिने तोंड उघडले. शब्द आला नाही. सगळे वाट पाहत उभे राहिले, कोणी घंटी वाजवली नाही. रिक्षा गेली, वरच्या मजल्यावर कुकरची शिटी झाली. मग ती म्हणाली, "पण ते... ते आगार... दुसऱ्याच गावाचं होतं."

जो आरडाओरडा झाला त्यावर माझ्या गॅलरीतून मी नक्कीच सूचना केली असती. बस आगारातून निघाली, फाटकापर्यंत गेली, मीही तिचा एक भाग होतो आणि माझ्या डाव्या हातात ती दुसरी गाठ होती. पाचच्या सुमारास प्रशिक्षक आले. त्यांनी खुर्च्या मांडल्या. त्यांत चारपाच मुले जाऊन बसली, बाकीची बसली नाहीत. खेळ आणि वर्ग, दोन्हींचे पुढे कसे जमवायचे ते पुढच्या सभेत ठरेल. माझा राग कायम आहे आणि सभेला मी जाणार आहे.

हे पत्र कोठे पाठवायचे असा प्रश्न नाही. आपला पत्ता मला तेव्हाही माहीत नव्हता. एकच गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मुलांना मी सांगितलेली नाही. आजोबांना खेळता येत नाही असे त्यांना वाटले. तसे नव्हते. गॅलरीतून सात वर्षे मी वर्तमानपत्राआडून प्रत्येक वाक्य ऐकत होतो. ती काय म्हणाली असती हे मला पक्के माहीत होते: ड्रायव्हर दार वाजवेल, आतून कोणीतरी विचारेल कोण आहे, आणि ड्रायव्हरला स्वतःचे नावच आठवणार नाही. ते वाक्य माझ्या तोंडात होते. मी ते गिळले आणि बस आगारात नेली, कारण तिच्या जागेवर उभे राहून ते मोठ्याने बोलायचे धाडस मला झाले नाही. पुढच्या रविवारी गाठ पुन्हा समोर येईल. डबा त्याच मुलाकडे आहे.