वाजणारं फ्रीव्हील

गुरुवार, ४ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. ‘मी ठीक. थंडीत टाच ठणकते. काळजी नसावी.’ एवढ्यात कार्ड भरलं, म्हणजे तुझं अक्षर मोठं झालंय की बोलणं आटलंय, ते काही मला कळलं नाही. ते नवीन मलम लावतोस का? काठी घेतल्याशिवाय जिना उतरू नकोस. रागावलास तरी चालेल, पण काठी घे.

इकडे सगळे खुशाल. भिंगरीचे बाबा गाडी घेऊन लांबच्या फेरीवर गेलेत, पुढच्या आठवड्यात येतील. दुकानात दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशिनींची रांग लागलीय. लोक वर्षभर मशीनला तेलाचा थेंब दाखवत नाहीत आणि लग्नाचे कपडे शिवायला घेतले की माझ्या दारात येऊन रडतात. तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहितेय. खरा विषय पुढे ढकलायची माझी सवयही तुला पाठच आहे.

फोनवर सायकलचा विषय निघाला की तुझ्याकडची रेंज जाते, म्हणून कागदावर लिहितेय. भिंगरीने तुझी सायकल बाहेर काढली.

मागच्या खोलीत चादरीखाली होती ती. अंगणात आणून धुतली, चेन घासली, ब्रेक लावून बघितले. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, “अगं, सीट चोरीला गेली का हिची?” मी सांगितलं की हिला मुळात सीटच नसते, ही बसायची सायकल नाही, हिच्यावर उभं राहून दगडांवरून, कठड्यांवरून, भिंतींवरून उड्या मारायच्या असतात. काकू म्हणाल्या, “आणि तुम्ही मारू देता?” मी धुणं वाळत घालायला लागले.

तुझ्या भाचीला अठरा पूर्ण झाली, त्यामुळे ती आता परवानगी मागत नाही, कळवते. तिने कळवलंय की रविवारी ती बंद गोदामाच्या मालधक्क्यावरून समोरच्या भिंतीवर उडी मारणार. हो, तोच धक्का. तीच भिंत. मधली फट किती आहे ते तुला मी सांगायला नको, आणि खाली काय आहे तेही नको.

क्लबच्या कोचबाईंनी एकच अट घातली. पॅडलच्या दांड्यावरचं जुनं फ्रीव्हील काढून नवीन, दणकट बसवल्याशिवाय सायकल धक्क्यावर चढणार नाही. मला वाटलं, चला, आता ही सायकलच्या दुकानातल्या कुणाकडून तरी बसवून घेईल आणि मला त्यातलं काही बघावं लागणार नाही. पण बाईसाहेब माझ्यासमोर तो दांडा, क्रँक, घेऊन उभ्या.

“आई, तूच बसव. मामा म्हणायचा, आट्यांची जाण तुझ्या हाताला आहे. दुसऱ्या कुणी बसवलं तर मी धक्क्यावर उभी राहून त्याचाच विचार करत बसेन. तू बसवलंस तर नाही करणार.”

आता सांग, यावर कुठल्या आईने काय बोलावं? नाही म्हटलं तर ती दुसऱ्याकडून बसवून घेऊन उडी मारणारच. हो म्हटलं तर जे होईल ते माझ्या हातचं होईल. मी हो म्हटलं. आणि तेव्हापासून पोटात गोळा आहे तो आहेच. काल एका गिऱ्हाइकाच्या मशीनला सुई उलटी लावली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भीती वाटतेय रे मला. घास गिळताना वाटते, पायऱ्या चढताना वाटते. तुला नाही सांगणार तर कुणाला सांगू?

जुनं काढायला दमछाक झाली. क्रँक व्हाइसच्या जबड्यात आवळला, फ्रीव्हीलच्या चार खाचांत चावी बसवली, चावीला लांब पाइप लावला आणि त्यावर मी अक्षरशः लोंबकळले. सुटलं तेव्हा मी जमिनीवर आणि भिंगरी हसून हसून भिंतीला टेकलेली. माप जुळावं म्हणून ते तसंच पिशवीत घालून सायकलच्या दुकानात घेऊन गेले.

तुझा तो चष्मेवाला दुकानदार अजून आहे. तुझी चौकशी केली. त्याने तीन फ्रीव्हीलं काउंटरवर मांडली आणि लग्नाच्या मुली दाखवाव्यात तसे एकेकीचे गुण सांगायला लागला. पहिलं स्वस्त, ते मीच बाजूला सारलं. दुसऱ्यात खूप दात. पॅडल जरा हललं की लगेच पकडतं. पण जितके दात जास्त तितके ते बारीक, आणि आतल्या खिट्ट्याही नाजूक. त्या खिट्ट्यांना तो ‘कुत्री’ म्हणतो. “कुत्र्यांनी दात धरला तर सायकल पुढे जाते, ताई. नाही धरला तर पाय हवेत.” हे तो हसत म्हणाला. मी तिसरं पुढे ओढलं.

तिसरं जड. दात त्याहून कमी, पण जाड. खिट्ट्या रुंद, प्रत्येकीला स्वतःची स्प्रिंग, आणि झाकणाला स्क्रू, म्हणजे उघडून साफ करता येतं. मी त्याला विचारलं, “यातलं परत कुठलं येतं?” त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. “आणि हे?” तर म्हणाला, “हेही येतं, पण मोडलं म्हणून नाही. वाजतं म्हणून. फार खणखणीत वाजतं, घरचे वैतागतात.” मी जड घेतलं.

निघताना त्याने आपलं जुनं हातात घेऊन बोटाने फिरवलं. “हे अजिबात वाजत नाही, असं कसं?” मी म्हटलं, बरेच दिवस पडून होतं, गंजलं असेल.

घरी येऊन ते जुनं उघडलं. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

नवीन आज दुपारी बसवलं. क्रँकचे आटे ब्रशने घासले, पुसले, त्यांच्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवला. फ्रीव्हीलच्या आत मात्र फक्त पातळ तेलाचे थेंब. मग फ्रीव्हील आट्यावर टेकवून आधी उलटं फिरवलं, आटा आट्यात पडल्याचं बोटांना कळेपर्यंत, आणि मग सुलटं. पहिल्यांदा तिरकं चढलं. हाताला लगेच कळलं. तसंच रेटलं असतं तर क्रँकचे आटे गेले असते, आणि दिसायला मात्र सगळं घट्ट दिसलं असतं. काढलं, पदराला हात पुसले, पुन्हा टेकवलं. दुसऱ्यांदा लोण्यासारखं गेलं. हाताने जाईल तेवढं आवळलं. पुढचं आवळणं तिच्या पायांनीच होणार. ती जितक्या जोराने पॅडल मारेल तितकं ते घट्ट बसत जाणार. हे मला तूच शिकवलं होतंस.

मग भिंगरी म्हणाली, आता तपासून बघ. म्हणजे मी. मी, जी जत्रेतल्या पाळण्याकडे बघूनही डोळे मिटते. पुढचं चाक भिंतीला टेकवलं, मागचा ब्रेक तिने दाबून धरला, आणि तिच्या खांद्याला धरून मी एका पॅडलवर सगळं वजन टाकून उभी राहिले. नुसती उभी नाही, दणके दिले. क्रँक थोडा फिरवून पुन्हा, पुन्हा थोडा फिरवून पुन्हा. काकू कुंपणाशी आल्या आणि काही न विचारता परत गेल्या. एकदाही सटकलं नाही.

पत्र अजून टाकत नाही. रविवार होऊ दे.

रविवार, ७ डिसेंबर

आधी सांगते, ती धड आहे. तू पुढचं घाईघाईत वाचशील म्हणून हे पहिल्याच ओळीत.

सकाळी गारठा होता. कोचबाईंनी भिंतीच्या पायथ्याशी गाद्या टाकल्या होत्या. मला त्या गाद्या रुमालाएवढ्या दिसत होत्या. भिंगरी धक्क्यावर चढली, दोन्ही ब्रेक दाबून एका जागी उभी राहिली आणि पॅडल हवं तिथे यावं म्हणून मागे फिरवायला लागली. टक टक टक टक. नवीन फ्रीव्हील सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं वाजत होतं. आणि मग थांबलं.

ती मधली शांतता तुला माहीत आहे. तू अंगणात सराव करायचास तेव्हा मी स्वयंपाकघरात असायचे. टक टक वाजायचं, थांबायचं, आणि मग धप्प. वाजणं आणि धप्प यांच्या मधे मी श्वास घेत नसे. भाजी करपायची. तूच मला भित्री भागूबाई म्हणायला लागलास.

तिने पाय दाबला. फ्रीव्हीलने धरलं. मागचं चाक भिंतीच्या कडेवर आलं, पुढचं हवेत, ती डुगडुगली, एक पाय भिंतीवर टेकला. म्हणजे त्यांच्या हिशेबात गुण गेला. तिने वरून ओरडून विचारलं, “आई, बघितलंस ना?” बघितलं. डोळे मिटले नाहीत मी. तुझ्या वेळेस मिटले होते.

आता ते, जे गुरुवारी लिहिलं नाही.

जुनं फ्रीव्हील उघडलं तर आत गुलाबी ग्रीस. काठोकाठ. माझ्या दुकानातलं, मोठ्या मशिनींच्या गिअरला लावते ते. तो रंग मी अंधारातही ओळखेन. गारठ्यात ते इतकं घट्ट झालं होतं की मी बोटाने खिट्टी दाबली तर ती दबलेलीच राहिली. वर यायला तिला जणू आठवावं लागत होतं. एक स्प्रिंग तर तुटून त्या चिखलात रुतलेली.

तू पडलास त्याच्या आधीच्याच आठवड्यात मी तुला चहा देताना म्हणाले होते, “तुझ्या त्या टकटकीने माझा जीव जातो रे. ती बंद नाही का होत?” तू हसलास. दोन दिवसांनी सायकल मांजरासारखी चालायला लागली आणि मी म्हणाले, आता कसं शांत वाटतंय. मी तर तुझी पाठ थोपटली, धाकट्या.

आणि मग ती सकाळ, असाच गारठा. तू पाय दाबलास, खिट्ट्यांनी दात धरलाच नाही आणि पायाखाली काही नव्हतंच.

हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना तू एकच सांगत होतास, “मीच ऐन वेळी कच खाल्ली.” कोचबाईंना तेच, भिंगरीला तेच. मला म्हणालास, ते फ्रीव्हील काढून भंगारात टाक, उघडत बसू नकोस. मी टाकलं नाही, कारण त्या सायकलला हात लावायचीच मला भीती होती. तुला सगळं माहीत होतं. ग्रीस तूच भरलंस, आणि ते माझ्यासाठी, हे मला कळू नये म्हणून तू भित्रा ठरलास, गाव सोडलंस, आणि आम्हाला दोन-दोन ओळींची कार्डं लिहीत बसलास. तुझा मला इतका राग आलाय आणि इतकं रडू येतंय की अक्षर बघ कसं झालंय.

भिंगरीला मी आज तिथेच, भिंतीपाशी बसून सांगितलं. मामाने कच खाल्ली नव्हती. तिने विचारलं, “मग तो परत का येत नाही?” उत्तर तूच दे.

सोबत पुडक्यात तुझं जुनं फ्रीव्हील पाठवतेय. रॉकेलमध्ये बुडवून सगळं ग्रीस काढलं, मशीनच्या स्प्रिंगमधून कापून एक नवीन स्प्रिंग बसवली, पातळ तेल सोडलं. त्याच्यावर उडी मारायची नाही, तेवढा भरवसा माझा नाही. पण हातात धरून फिरव. ऐक. मग फोन कर, आणि रेंज गेली असं सांगू नकोस.

भिंगरी पुढच्या रविवारी पाय न टेकता उडी मारणार आहे, असं तिने कळवलंय. म्हणजे माझ्या पोटातला गोळा आहे तिथेच राहणार. राहू दे. तू ये आणि माझ्याशेजारी उभा राहा. मी घाबरले तर घाबरू दे मला. माझ्यासाठी पुन्हा कशाचाही आवाज बंद करू नकोस.

तुझी,
भित्री भागूबाई