कमानीवरच्या दोन मात्रा

कुसगाव, १० जुलै २०२४

चि. माधवास रखमाजीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सगळे खुशाल. लावणी उरकली, कंबर तेवढी राहिली. कानांनी पार राजीनामा दिलाय. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसता व्हय व्हय करतो, म्हणून हा कागद.

गावाने वेशीवर तुझ्या नावाची कमान उभी केली. चुलतभाऊ म्हणून मजकूर मलाच विचारला. मी सांगितलं, कॅ. माधवराव लिहा. रतन पेंटरने चंद्राच्या जागी दोन मात्रा ओढल्या अन् झालं कै. माधवराव! त्याचंही खरं, आजवर त्याने कमानीवर दुसरं काही लिहिलेलंच नाही. सकाळी दूधवाला माझ्यापाशी सुतकाची चौकशी करून गेला. कागदावर मी तुला चि. लिहितो आणि वेशीवर तू कै.

रागावू नकोस. पुसून घेतो. पंधरा ऑगस्टला उद्घाटन तुझ्याच हातून आहे. त्या निमित्ताने चार दिवस घरी राहा, एवढंच मागणं. मला आता ऐंशी लागली.

मायेत उणं पडू देऊ नये.

तुझा रखमाजीदादा


खंडाळा, १६ जुलै २०२४

ती. रखमाजीदादांस शि. सा. न.

वि. वि. मरणाचं काही वाटलं नाही. तशी संधी सरकारने बरेचदा दिली होती. पण कॅप्टन? तिथून लेफ्टनंट जनरल व्हायला मला तीस वर्षं लागली, तुम्ही एका ओळीत खाली उतरवलंत. आमची चंद्रिका तर म्हणाली, नवऱ्याला मारलं ते एक वेळ चालेल, हुद्दा कापला ते नाही. तिने पदकांची यादी सोबत जोडली आहे : परम विशिष्ट, अति विशिष्ट, युद्ध सेवा वगैरे. एकही गाळू नये म्हणते.

पंधराला साडेनऊला येतो, अकराला निघेन. सुट्टीच्या दिवशी भुशी धरणाची गर्दी पार हमरस्त्यापर्यंत तुंबते. राहण्याचं पुढे पाहू.

डोक्यावरचा हात काढू नये.

आपला माधव


कुसगाव, २८ जुलै २०२४

चि. माधवास आशीर्वाद.

वि. वि. यादीप्रमाणे रंगकाम झालं. सरपंच अपेक्षाताईंनी जातीने उभं राहून एकेक पदक तपासलं. कमान भरली, नावाला जागाच उरली नाही. रतनने कोपऱ्यात मा. एवढं कोंबून टिंब दिलं. कोणी माननीय वाचतं, कोणी माजी. परगावचे विचारतात, हा एवढा मोठा माणूस कोण? पोरी सांगतात, कुणीतरी विशिष्ट.

कॅप्टनचं तू मनाला लावून घेतलंस, म्हणून लिहितो. एकोणऐंशी साली माझा पाय मोडला होता. तू रजेवर आलास आणि महिनाभर गुडघाभर चिखलात उभं राहून सगळी भातलावणी केलीस. बाया बांधावरून हसायच्या, कप्तानाच्या ओळी लय वाकड्या. तेव्हा गावाने तुला पाहिलं. पुढे तुझी गाडी पाहिली. जनरल मला ठाऊकच नाही, तर रतनला काय सांगणार?

खंडाळा इथून हाकेवर. बंगला बांधून बारा वर्षं झाली, एकदा इथं पाठ टेकली नाहीस. दीड तासाच्या पाहुण्याला कमान कशाला, मांडव पुरतो.

जास्त लिहिलं असेल तर म्हातारपणावर घाल, पण लिहिणं तोडू नकोस.

तुझा दादा


खंडाळा, १ ऑगस्ट २०२४

ती. दादांस शि. सा. न.

वि. वि. पत्र चंद्रिकेला वाचून दाखवताना शेवटचा भाग गाळला. तिने ओळखलं, कागद हातातून घेतला आणि वाचून झाल्यावर माझी बॅग काढून ठेवली.

रतनला सांगा, सगळं पुसून टाक, पदकंसुद्धा. पंधराला झेंडावंदन करू, कमान कोरीच राहू दे. अपेक्षाताईंना मी वेगळं लिहितो. नऊ तारखेला येतो, महिनाभर राहायला. गाडी वेशीवरूनच माघारी जाईल. महिन्याने गाव ज्या नावाने हाक मारील, ते लिहा.

चंद्रिका विचारत होती, तिकडे पाहुण्यांसाठी वेगळी खोली आहे का. मी ठणकावून सांगितलं, मी पाहुणा नाही. तेवढं खोटं पाडू नका.

आपला माधव