रोझरीच्या वेळी झालेली मोजणी

वटार, ता. ११ फेब्रुवारी

प्रिय इझाबेल बाय,

तुझ्या धाकट्या भावाचा, फ्रेडरिकचा, नमस्कार. एरॉल भावोजींचा खोकला थांबला का? मोगऱ्याला भाव बरा मिळतो ना? इथे प्रभूच्या कृपेने सगळे ठीक. जीनाच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, पण वाकायला डॉक्टरांची अजून मनाई आहे. (भुईगाव काही विलायतेत नाही, तरी पत्र लिहितो, कारण ऑक्टोबरपासून तू माझा फोन उचलत नाहीस. टपालखात्याचं तेवढंच भलं.)

पत्रास कारण, आमच्या शेल्डनने त्याच्या आईसाठी, जीनासाठी, आणलेलं ते केर काढणारं यंत्र. आम्ही त्याला कासव म्हणतो. नाव वाचून पत्र फाडू नकोस; हा मोजणीचा विषय आहे आणि मोजणी खात्यात मी एकतीस वर्षं काढली आहेत. कासवाच्या डोक्यावर एक डबी आहे. तिच्यातून ते चारी बाजूंना किरण सोडतं, किरण जिथे आपटून परत येईल तिथे काहीतरी उभं आहे असं धरतं आणि शेल्डनच्या फोनवर घराचा नकाशा काढतं. मग आधी भिंतींच्या कडेने हद्द फिरून येतं आणि नंतर आतली जमीन नांगरल्यासारखी ओळीने झाडतं. चार्जिंग संपत आलं की आपल्या जागी जाऊन बसतं, आणि पोट भरलं की काम जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे धरतं. (असा एक शिपाई मला उभ्या नोकरीत मिळाला नाही.)

पण पहिली मोजणीच चुकली, आणि चूक आमची. शेल्डनने कासव पहिल्यांदा सोडलं ते नेमकं संध्याकाळी सातला. महिना ऑक्टोबरचा. घरातल्या आल्तारासमोर रोझरीची प्रार्थना चाललेली, शेजारी धरून आपण सातजण; जीना खुर्चीत, बाकीचे गुडघ्यांवर. पन्नास 'नमो मरिया' आणि वर लिटनीची आळवणी, तेवढ्या वेळात कोणी तसूभर हललं नाही. कासवाने सातही जणांना खांब समजून नकाशात घेतलं आणि शेल्डनने तो नकाशा कायम करून टाकला. तेव्हापासून तिथे कोणी असो नसो, कासव सात वळसे घालतं. समोर जागा मोकळी असली तरी त्याचा विश्वास नकाशावर. (आमच्या खात्याचीही हीच रीत होती.)

सातवा खांब तू. खिडकीशेजारी, तुझ्या नेहमीच्या जागी. तिथे आता हातभर लांबरुंद धुळीचा चौकोन झाला आहे आणि जीना रोज त्याच्याकडे बघून माझा उद्धार करते.

त्या दिवशी दरवर्षीसारखे तू घरच्या माडांच्या हिरांचे दोन झाडू बांधून आणले होतेस. रोझरी संपल्यावर शेल्डन म्हणाला, "आत्या, झाडू कशाला? आता ऑटोमॅटिक आहे ना!" आणि मी हसलो. "मग त्यालाच वाढा जेवायला," म्हणून तू दोन्ही झाडू काखेत मारलेस आणि उपाशी निघून गेलीस. पोराचं बोलायचं वय आहे. माझं हसायचं नव्हतं. आपली आई गेल्यापासून या घरात झाडू विकत आणावा लागला नाही तो तुझ्यामुळे, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. चुकलो, बाय.

तर आता फेरमोजणी करायची आहे. फेरमोजणी म्हटली की लगतच्या कब्जेदाराला नोटीस द्यावी लागते आणि त्याने जागेवर हजर राहून हद्द दाखवावी लागते. हे पत्र हीच नोटीस समज. येत्या शनिवारी, संध्याकाळी सातला. जेवण इथेच.

तुझा,
फ्रेडरिक

ता.क. येताना ते दोन झाडू आणायला जीनाने सांगितलं आहे. कासवाला उंबरठा ओलांडता येत नाही. अंगण मी बाजारच्या झाडूने झाडतो, त्याचे हीर अंगणातच गळतात, मग ते वेचायला पुन्हा मीच वाकतो.

ता.क. २. मोजणीच्या माणसाने खोटी नोंद ठेवू नये म्हणून लिहितो. वर सात वळसे लिहिले ते खरं नाही, आणि फेरमोजणीचीही काही गरज नाही. शेल्डनने फोनवर बोट फिरवून सहा खांब नोव्हेंबरातच पुसले, मिनिटभराचं काम. सातव्यावर बोट नेलं तेव्हा मी त्याचा हात धरला. कब्जेदार गैरहजर राहिला तर नोंद आहे तशीच राहते. पण तू ये.