ऑरिनने दिलेला ससा

प्रिय व्हर्ना,

मेंढ्यांच्या तळावर मी ठणठणीत आहे, काळजी नको. आईचा गुडघा कसा आहे?

शेजारच्या ऑरिनने आपल्या कुंपणाशी मारून दिलेल्या सशाच्या चिंध्या झाल्या होत्या, असं तू लिहिलंस. सशाला पॉइंट टू-टू बंदुकीची साधी, कमी वेगाची गोळी पुरते. मांस शाबूत राहतं. हे मी कुणाकडून नाही, स्वतः शिकलोय. चिंध्या करणारी वेगवान, टोकाला पोकळ गोळी कोकरं पळवणाऱ्या, कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या कोयोटसाठी भरतात. मग 'फक्त सशांसाठी फिरतो' म्हणणारा ऑरिन आपल्या कुंपणाशी काय टिपायला आला होता?

त्याची कोकरं आपल्या पायलट कुत्र्यानेच नेली, असा त्याला संशय आहे. पायलटच्या गळ्यात माझा लाल मफलर बांध. 'वहिनी, कुत्र्याला सर्दी झाली काय?' म्हणून ऑरिन हसेल. हसू दे. पण मग 'मला कोयोट वाटला' म्हणायला त्याला तोंड उरणार नाही.

तुम्हा दोघींची आणि पायलटची आठवण काढणारा,
एल्डन